खोका उघडतानाचा व्हिडिओ नसला तरी तक्रार करता येते

गेल्या आठवड्यात मावशीकडे गेलो, तेव्हा खाटेखाली ऑनलाइन मागवलेल्या काचेच्या नव्या शेगडीचा खोका पडलेला दिसला. काच उजव्या कोपऱ्यापासून थेट बर्नरच्या कड्यापर्यंत तडकली होती, खोक्याचा तोच कोपरा चेपला होता आणि आतल्या थर्माकोलचे दोन तुकडे झाले होते. वस्तू येऊन ११ दिवस उलटले होते. तक्रार का केली नाहीस, असे विचारल्यावर तिने मोबाइल पुढे केला.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या त्या संदेशात ‘नव्या ग्राहक कायद्यानुसार’ असे म्हणून चार गोष्टी ठासून सांगितल्या आहेत: खोका उघडतानाचा व्हिडिओ नसेल तर तक्रार दाखलच होत नाही, ओटीपी दिला की माल सुस्थितीत मिळाल्याचे आपण मान्य केले असे ठरते, ‘परत घेतली जाणार नाही’ असे लिहिलेल्या वस्तूचे पैसे मिळत नाहीत, आणि खटला कंपनीच्या शहरात जाऊन, वकील देऊनच चालवावा लागतो.

पहिला मुद्दा सर्वांत घातक आहे, कारण तो वाचून माणूस तक्रार करण्याआधीच हार मानतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये व्हिडिओची अशी कोणतीही अट नाही. ग्राहक आयोग प्रतिज्ञापत्र आणि कागदोपत्री पुराव्याच्या आधारे तक्रार ऐकतो. चेपलेल्या खोक्याचे व तडकलेल्या काचेचे फोटो, बिल आणि विक्रेत्याशी झालेला लेखी संवाद हाही पुरावाच आहे. याहून महत्त्वाचे म्हणजे, जुलै २०२० मध्ये लागू झालेल्या ई-कॉमर्स नियमांतील सहावा नियम विक्रेत्याला स्पष्टपणे बांधून घालतो: वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल, तर ती परत घेण्यास वा पैसे देण्यास त्याला नकार देता येत नाही. व्हिडिओ असला तर वाद लवकर मिटतो, एवढे मी मान्य करतो आणि महागडी वस्तू उघडताना तो जरूर काढावा. पण सोयीचा पुरावा ही एक गोष्ट आणि कायद्याची अट ही दुसरी. या दोहोंची सरमिसळ करून लोकांना गप्प बसवणे मला अक्षम्य वाटते.

‘परत घेतली जाणार नाही’ या वाक्याचे उत्तरही याच नियमात आहे. रंग आवडला नाही म्हणून वस्तू परत करणे वेगळे आणि ती फुटलेलीच हातात येणे वेगळे. ओटीपीने खोका पोहोचल्याचे सिद्ध होते, आतली काच अखंड होती हे नव्हे. मात्र पोहोचवणाऱ्याने खोका समोर उघडून दाखवला असेल, तर ओटीपी देण्यापूर्वी वस्तू नीट पाहावी, कारण तिथे पुढे वाद घालणे खरोखरच अवघड जाते.

कंपनीच्या शहराची गोष्ट तर निव्वळ खोटी आहे. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जाण्याची मुभा दिली आहे. वकील सक्तीचा नाही, पाच लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. विक्रेत्याकडे मात्र त्याच दिवशी लेखी कळवावे. ११ दिवस थांबणे मावशीला महागात पडू शकते, हे मी तिच्यापासून लपवले नाही.

त्याच संध्याकाळी आम्ही फोटो जोडून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहिले. नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचे असते. पोच वेळेत आली. तिच्याखाली ‘व्हिडिओ जोडावा’ असे होते. सहाव्या नियमाचा दाखला देऊन त्याला उत्तर पाठवले आहे. महिन्यात काही झाले नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करू आणि मग जिल्हा आयोगाकडे जाऊ. खोका, थर्माकोलचे तुकडे आणि पत्त्याचे लेबल मावशीने एका पिशवीत घालून कपाटावर ठेवले आहे.