पॉलीहाऊस गच्च बंद ठेवलं की करपा येत नाही? कोण सांगतं हे!

'थंडीत टोमॅटोला करपा नको? हे चार उपाय करा' असा मेसेज सगळीकडे फिरतोय. परवा दाजींनी मला पाठवला, तोवर त्यातले दोन उपाय करूनही झाले होते. दहा गुंठ्याचं पॉलीहाऊस तीन दिवस गच्च बंद. त्यांनी पाठवलेल्या फोटोत पानांवर पाणी लागल्यासारखे काळपट डाग, खालून पांढरी लव. पोटात गोळाच आला.

पहिला उपाय म्हणे, 'पडदे रात्रंदिवस बंद ठेवा, वरची खिडकीपण झाका, आत ऊब राहते.' अहो पण झाडं दिवसभर पाणी बाहेर टाकतात, ती वाफ आतच कोंडते आणि रात्री प्लास्टिक गार पडलं की तीच थेंब होऊन पानांवर टपकते, पान सकाळपर्यंत ओलंच! उशिराच्या करप्याला (लेट ब्लाइट, दाजींच्या पानांवर दिसतोय तोच) हेच तर पाहिजे असतं. ब्रिटनमध्ये बटाट्याच्या ह्याच रोगासाठी २०१७ पासून हटन निकष लावतात: सलग दोन दिवस किमान तापमान १० अंश किंवा वर, आणि दोन्ही दिवशी निदान ६ तास ९० टक्के किंवा जास्त आर्द्रता, की धोक्याचा इशारा. तो निकष उघड्या शेतातला आहे, पण रोग तोच. म्हणजे पडदे लावून राखलेली ती ऊबसुद्धा रोगाच्याच कामाची.

दुसरा, 'कार्बेन्डाझिम मारा.' हे बुरशीनाशक आहे, पण उशिराचा करपा करणारा फायटोप्थोरा ही खरी बुरशीच नाही, त्याच्यावर ते औषध चालत नाही. दाजींच्या दोन फवारण्या पाण्यात गेल्या.

तिसरा, संध्याकाळी दुधाचं पाणी फवारायचं. बरं, भुरीवर (पानांवर पांढरी भुकटी धरते तो रोग) पातळ दुधाचा थोडाफार उपयोग होतो, तेवढं मान्य. पण करपा म्हणजे भुरी नाही, आणि संध्याकाळी पानं ओली करायची म्हणजे रोगाला बोलावणंच.

चौथा जमिनीत चुना टाकायचा. बीजाणू वाऱ्यावर येतात, शेजारच्या बटाट्यातून येतात, चुना त्यांना काय अडवणार?

दाजींना फोनवर सांगितलं ते इथेपण लिहिते. ऊन वर आलं की पडदे उघडा, सूर्य कलायच्या आधी एकदा दमट हवा बाहेर जाऊ द्या, वरची खिडकी रात्रीपण झाकू नका. ठिबक सकाळीच चालवा. खालची पानं काढून हवा खेळू द्या, रोगट पानं तिथंच पिशवीत भरून बाहेर न्या. औषध घेताना लेबलवर टोमॅटो आणि उशिराचा करपा दोन्ही लिहिलंय का ते बघा, काढणीआधी किती दिवस थांबायचं तेपण वाचा. आणि तो मेसेज ज्या ग्रुपवरून आला तिथं हे टाका, अजून कोणीतरी आज रात्री पडदे ओढून घेत असेल.