अरे, दुसऱ्यालाही वाजवू द्या!
ब्लूज जॅमची रात्र, म्हणजे ज्याला हवं त्याने यादीत नाव लिहून आळीपाळीने ब्लूज संगीत वाजवायची मैफल, माझा जीव की प्राण, आणि दर आठवड्याला हे गिटारवाले तिची माती करतात! बारा बारचं, म्हणजे बारा मात्रागटांचं, एक आवर्तन, फार तर दोन, वाजवायचं आणि पुढच्याला मान हलवून खूण करायची. एवढा साधा रिवाज! पण यांचा सोलो संपेल तर शपथ. माउथ ऑर्गनवाला वाद्य ओठांशी धरून ताटकळलाय, आणि हा डोळे मिटून अँपचा आवाज आणखी वाढवतोय. दुसऱ्याचं ऐकणार कधी? शिकागोच्या क्लबांतल्या गोंगाटात ऐकू जावं म्हणून ब्लूजचा दिग्गज मडी वॉटर्स याने इलेक्ट्रिक गिटार धरली, सोबत्यांना गाडायला नव्हे! त्याच्या बँडमध्ये लिटल वॉल्टरच्या माउथ ऑर्गनला केवढी जागा होती! इथे यादीत नाव लिहिलेल्या नवख्या पोराची पाळी येईपर्यंत बार बंद व्हायची वेळ होते. कशाला येईल ते पुन्हा?