पोरगं हललं नाय पाहिजे

मी वकील. कारखानदार माझ्याकडे कामगारांचा नोकरीचा करार लिहून घ्यायला येतात आणि दावं मागतात. "मॅडम, कायतरी असं टाईट लिहा की पोरगं हललं नाय पाहिजे," हे ठरलेलं पहिलं वाक्य. पोरगं म्हणजे सीएनसीचा, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचा सेटर, नाहीतर फर्नेसवरचा, म्हणजे धातू वितळवायच्या भट्टीवरचा माणूस. आणि कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत हलायचं म्हणजे फक्त रस्ता ओलांडायचा. पलीकडच्या शेडमध्ये दोन हजार जास्त मिळतात, वर चहाही बरा असतो म्हणे.

मसुदा बहुतेक वेळा ते बरोबरच आणतात. पाहुण्यांच्या पोरानं अमेरिकेतून व्हॉट्सॲपवर धाडलेला, फक्त कंपनीचं नाव बदललेला. अशाच एका मसुद्यात फर्नेस ऑपरेटरला आठवड्यातून दोन दिवस घरून काम करायची मुभा होती. चौदाशे अंशांचा रस हा गडी घरात कशावर वितळवणार, गॅसवर? शेवटी लिहिलेलं, वाद झाल्यास निवाडा अमेरिकेतल्या डेलावेअरच्या कोर्टात. हायकोर्टाचं बेंच कोल्हापुरात यावं म्हणून इथल्या वकिलांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली, ऑगस्ट २०२५ मध्ये सर्किट बेंच एकदाचं सुरू झालं, आणि हे निघाले डेलावेअरला!

"मालक, हे डेलावेअर कुठं आलं?"

"असंल कुठंतर. पोराला भ्या वाटल्याशी मतलब."

मग येतं लाडकं कलम. नोकरी सोडल्यावर पाच वर्षं कोल्हापूर, सांगली, साताऱ्यात ह्या लाइनीत काम करायचं नाही. मी कलम २७ काढते. भारतीय करार कायदा, १८७२. कुणाला कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. नोकरीत असेपर्यंत दुसरीकडे काम करू नको म्हणता येतं. ड्रॉइंग आणि गिऱ्हाइकांचे दर बाहेर नेऊ नको, असंही म्हणता येतं. पण गेल्यावर पोट भरू नको, असं म्हणता येत नाही. हे ऐकून मालकांचा चेहरा असा होतो की कायदा मीच काल रात्री बसून केला.

अशा वेळी मी विचारते, "तुम्ही कसं सुरू केलंत?" चेहरा लगेच खुलतो. उद्यमनगरात एका मिस्त्रींच्या हाताखाली होतो, सगळं शिकलो, एक दिवस बाहेर पडलो आणि दोन गल्ल्या सोडून स्वतःचं लेथ टाकलं. पहिलं गिऱ्हाईक कुठलं? "मिस्त्रींचंच की!" हे छाती काढून सांगून झालं की बोट परत कागदावर. "पण हे पाच वर्षांचं राहू दे."

बाँडचं तर विचारू नका. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं विजया बँकेच्या खटल्यात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर दोन लाख भरायचा बाँड मान्य केला. ती बातमी एका मालकांनी घडी घालून पाकिटात ठेवलीय. मी म्हटलं, ती सरकारी बँक. जाहिरात द्यायची, परीक्षा घ्यायच्या, माणूस गेला की सगळं पहिल्यापासून. तुमची भरती कशी झाली? तर मेव्हण्यानं फोन केला, पोरगं आलं, त्याला मिसळ खायला घातली. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे कोर्ट फार तर रास्त भरपाई देईल, आणि ती मिसळीची! "जादा पावबी घेतला हुता," मालक म्हणाले. मूळ सर्टिफिकेट कपाटात ठेवून घ्यायची आयडिया मात्र मी खुर्चीतून उठून हाणून पाडली.

पगाराच्या तक्त्यात बेसिक चिमूटभर आणि भत्ते ढीगभर. नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, आता भत्ते निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनातच धरतात. हे सांगितल्यावर मालक बराच वेळ धुलाई भत्त्याकडे बघत बसले.

मला खरी मजा येते ती पुराच्या कलमात. अमेरिकन मसुद्यात युद्ध होतं, भूकंप होता, दंगल होती, पंचगंगा नव्हती. २०१९ ला आणि २०२१ ला शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला, तेव्हा कुणाचा खाडा धरायचा आणि कुणाचा नाही यावरून झालेली भांडणं अजून मिटलेली नाहीत. म्हणून मी लिहिलं, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेच्या पाण्यानं ४३ फूट, म्हणजे धोक्याची पातळी गाठली की गैरहजेरी माफ. सही करायला आलेलं पोरगं नदीकाठच्या चिखलीचं. त्याच्याबरोबर चुलते, रिटायर्ड सुभेदार, चष्मा पुसून कलम-कलम वाचणारे. एवढा कडक रिव्ह्यू मोठमोठ्या कंपन्यांच्या लीगल खात्यानंही माझ्या मसुद्याचा केलेला नाही.

"४३ खोडा," चुलते म्हणाले. "तवर आमची जनावरंसुद्धा गावाबाहेर आल्याली असत्यात. ३९ लिहा, इशारा पातळी."

"३९ ला शहरातली माणसं पूर बघायला जात्यात, सुभेदार!" मालक.

शेवटी चिखली-आंबेवाडीवाल्यांना ३९, बाकीच्यांना ४३ असं ठरलं. डेलावेअरच्या न्यायाधीशांनी हे वाचलं असतं तर काय केलं असतं, कुणास ठाऊक.

सगळं झालं असं वाटलं तेवढ्यात चुलत्यांचं बोट गुप्ततेच्या कलमावर. पगाराचा आकडा कोणालाही सांगू नये.

"हे जमायचं न्हाई. पगार सांगितल्याबिगर पोराला पोरगी कोण देणार?"

मालक गप्प. त्यांचाही एक पुतण्या लग्नाचा आहे, हे मला ठाऊक होतं. मी निमूटपणे अपवाद टाइप केला: 'विवाहाच्या बोलणीसाठी मुलीकडील मंडळींना पगाराची स्लिप दाखवण्यास कंपनीची हरकत राहणार नाही.' चुलत्यांनी दोनदा वाचून मान डोलावली. पाचशेच्या स्टॅम्पवर सह्या होणार, तोच मालकांनी पेन धरून ठेवलं.

"मॅडम, ओव्हरटाइम धरून सांगायचं म्हणून लिहा. कंपनीचीबी काय इज्जत हाय का नाय?"