मायक्रोसिस्टिन, जिवाणू आणि ते ‘बारावीचं पोरगं’

तळ्यावरच्या हिरव्या सायीबद्दल मी लिहिलं होतं की, सायनोबॅक्टेरियाची (निळ्या-हिरव्या शेवाळाची) विषं, त्यातही मायक्रोसिस्टिन, तिथल्या इतर जिवाणूंचंही गणित बदलतात. त्यावर एका वाचकांची लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. त्यातलं मुख्य वाक्य असं: ‘मायक्रोसिस्टिन आपल्या पेशींतली फॉस्फेटेज विकरं अडवतं, जिवाणूंना त्याचं सोयरसुतक नाही, हे बारावीच्या पोरालाही कळतं.’

वेळ काढून लिहिलंत, आभार. पण मुद्दा मांडायला ते बारावीचं पोरगं कशाला लागलं? चूक दिसली तर सरळ दाखवावी. ‘लेखकाने आधी अभ्यास करावा’ हे तर कहरच. उमेदीची वर्षं पाण्याच्या प्रयोगशाळेत काढली आहेत मी. मायक्रोसिस्टिसच्या, म्हणजे हे विष बनवणाऱ्या सायनोबॅक्टेरियाच्या, वसाहतीशेजारी इंडिया इंकचा थेंब सोडला की काळ्या पार्श्वभूमीवर तिचं चिकट आवरण पांढरं उठून दिसतं आणि त्यात रुतलेले बारीक, दांड्यासारखे जिवाणू नजरेस पडतात. हे पुस्तकात वाचून सांगत नाही. हे जिवाणू त्या विषाच्या कारखान्यातच बिऱ्हाड करून असतात. आणि म्हणे सोयरसुतक नाही!

आता त्या वाक्याबद्दल. पीपी१ आणि पीपी२ए ही फॉस्फेटेज विकरं अडतात आणि यकृत जातं, हे मी कुठे नाकारलं? पण यकृतात जे घडतं ते जिवाणूत घडत नाही, म्हणून जिवाणूत काहीच घडत नाही, ही उडी तुमची. ग्रॅम-निगेटिव्ह, म्हणजे बाहेरून आणखी एक पापुद्रा असलेल्या, जिवाणूंचं बाह्य आवरण या विषाने जास्त झिरपतं होतं, असं प्रयोगात दिसलेलं आहे. म्हणजे एरवी बाहेर राहणाऱ्या पदार्थांना आत वाट मिळते. अशा प्रयोगांतली मात्रा पुष्कळदा तळ्यातल्यापेक्षा बरीच जास्त असते, हे मी लेखाच्या शेवटी लिहिलं होतं, ते वर यायला हवं होतं. एवढं तुमचं मान्य.

शिवाय परिणाम म्हणजे फक्त मारणं का? ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९६ साली स्फिंगोमोनास या जिवाणूच्या एका वाणात हे विष फोडणारी विकरं दाखवली. त्यातलं पहिलं, एमएलआरए, विषाच्या रेणूचं सात अमिनो आम्लांचं कडं एका ठिकाणी तोडतं. नुसत्या तेवढ्याने विषारीपणा शंभर पटींहून जास्त उतरतो. पुढची विकरं उरलेल्या साखळीचे तुकडे करतात. एकाचं विष ते दुसऱ्याचं अन्न. तळ्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन घालून रोज मोजत बसा: आधी काही दिवस आकडा जागचा हलत नाही, मग एकदम कोसळतो. पूर्वी ब्लूम (ही हिरवी साय) येऊन गेलेल्या पाण्यात हा थांबण्याचा काळ बहुधा कमी असतो. मी स्वतः मोजलंय. विषाने कोण माजेल हे ठरत असेल, तर त्याला परिणाम नाही तर काय म्हणायचं?

आणि हे विष बहुतेक पेशीतच असतं. ब्लूम मरायला लागला, किंवा कुणी घाईने मोरचूद टाकून पेशी फोडल्या, की ते पाण्यात उतरतं. जिवाणूंची खरी गाठ तेव्हा पडते. हा भाग लेखात होता, तुम्ही तो ओलांडून गेलात.

ब्लूममुळे पीएच चढतो, रात्री प्राणवायू खाली येतो, मरणाऱ्या पेशींतून सेंद्रिय कार्बन सुटतो, म्हणून जिवाणू बदलतात आणि नाव विषाचं होतं, असंही तुम्ही म्हणता. बदलतात की. लेखात एक अख्खा परिच्छेद त्यावर आहे. पुन्हा तेच उगाळत नाही.

भाषा ‘घाबरवणारी’ वाटली, तर त्याला माझा इलाज नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिनची मार्गदर्शक मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम ठेवली आहे, ती काही मी ठरवली नाही.

लेख मागे घेणार नाही. संदर्भ हवेत तर नीट मागा, पाठवतो. पुढचा लेख सिलिंड्रोस्पर्मॉप्सिन या सायनोबॅक्टेरियाच्याच दुसऱ्या विषावर आहे. जरूर या, फक्त या वेळी शेवटपर्यंत वाचून मग लिहा.