‘घोडा तर ठणठणीत उतरला!’ : दूरच्या प्रवासावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही तसंच देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : इतकी वर्षं घोडे गाडीतून नेले, डोकं वर आखूड बांधलं, चारही पायांना पट्ट्या गुंडाळल्या, अंगावर झूल टाकली, निघण्याआधी पोटभर चंदी (दाणा) दिली, धिंगाणा घालणाऱ्याला गुंगीचं औषध दिलं. सगळे ठणठणीत उतरले. त्यामुळे घोड्याच्या दूरच्या प्रवासाआधी तीन आठवडे तयारी करा, असं सांगणारा माझा लेख म्हणजे नसता बाऊ. शिवाय वाहतूकदाराला पैसे मोजल्यावर ही उस्तवार त्यानं करावी, मालकानं का?

तुमची एक चूकदुरुस्ती आधी मान्य करतो. लेखात मी ‘दोर सैल ठेवा’ असं लिहिलं, पण किती सैल ते लिहिलं नाही. झोल जास्त झाला तर पुढचा पाय दोरात अडकतो आणि मग घोडा स्वतःलाही मोडतो, गाडीलाही. माप असं घ्या : घोडा गाडीत उभा करून मान खाली सोडू द्या. नाकपुड्या खांद्याच्या सांध्याच्या रेषेखाली गेल्या पाहिजेत, पण मान वर असताना दोराचा झोल गुडघ्यापर्यंत लोंबता कामा नये. गाडीतली कडी आणि दोर यांच्यामध्ये सुतळीचा एक फेरा ठेवा, म्हणजे जीव खाऊन ओढलं तर सुतळी तुटेल, मान वाचेल. मोहरकी (दोर जिला बांधतो ती तोंडावरची पट्टी) चामड्याची असावी. नायलॉनची तुटत नाही आणि तोच तिचा दोष.

आता ‘ठणठणीत उतरला’बद्दल. फुप्फुसाचा जो आजार प्रवासातून येतो तो उतरताना दिसेलच असं नाही. बरेचदा तो दिसतो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. आधी चंदी टाकून देतो, मग मलूल उभा राहतो, ताप चढतो. खोकला असेलच असं नाही. बहुतेक वेळा आपण म्हणतो, ‘नवी जागा आहे, रुळेल.’ तोवर छातीत पाणी भरायला सुरुवात झालेली असू शकते. उतरताना घोडा कसा दिसला यावरून काहीच ठरत नाही.

याचं मूळ आखूड दोरातच आहे. घोड्याच्या श्वासनलिकेत धूळ-जंतूंना चिकट पाण्यासकट वर ढकलणारे बारीक केस असतात. पण श्वासनलिका लांब आणि मान वर ताठ, म्हणजे सगळा चढ. दिवसाचा बराच वेळ चरण्यासाठी नाक जमिनीला लावून राहणाऱ्या जनावराची रचनाच अशी, की मान खाली गेली की उतारानं साफ होतं. 1995 साली ऑस्ट्रेलियात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घोड्यांची डोकी फक्त वर बांधून ठेवली, गाडी हललीसुद्धा नाही. 6 ते 12 तासांत श्वासमार्गात जंतूंची संख्या वाढलेली दिसली. म्हणजे हादरे, धूर, दमणूक हे सगळं वरकड. जंतू वाढायला नुसतं आखूड बांधणंच पुरेसं आहे. वाटेत अर्धा तास मान खाली सोडली तरी तेवढ्यानं साचलेलं सगळं निघत नाही. म्हणूनच 10-12 तासांवरच्या प्रवासात मधली रात्र हवी, आणि तीही किमान 8 तास मोकळ्या ठाणात, वैरण जमिनीवर टाकून. जमत असेल तर न बांधता मोकळं उभं राहता येईल असा प्रशस्त कप्पा मागा. भाडं जास्त पडतं, पण दूरच्या पल्ल्याला माझी पहिली पसंती तीच.

गवताची जाळी तोंडासमोर असते, त्यामुळे कोरड्या गवताची धूळ थेट आत जाते. गवत अर्धा तास पाण्यात बुडवून, निथळवून मग जाळीत भरा. मात्र गवत बंद करू नका. घोड्याच्या जठरात आम्ल सतत झिरपत असतं आणि रिकाम्या पोटी ते अस्तर जाळतं. बंद करायची ती चंदी : आदल्या दिवशी निम्मी, प्रवासाच्या दिवशी शून्य. निघताना भरपूर दिलेली चंदी, त्यावर कमी पाणी आणि उभ्या-उभ्या थंडावलेलं आतडं, हे पोटशूळाला आवतण आहे. 500 किलोच्या घोड्याला दिवसाला 8 ते 10 किलो गवत धरा आणि मुक्कामानंतरही आठवडाभर पुरेल इतकं घरचं गवत सोबत द्या, म्हणजे नवं हळूहळू मिसळता येईल.

पाण्याचा भाग मूळ लेखात मी दोन ओळींत उरकला होता, तो खरं तर सगळ्यात चिवट प्रश्न आहे. याच 500 किलोच्या घोड्याला थंड हवेत, काम नसताना दिवसाला साधारण 25 लिटर लागतं, उकाड्यात बरंच जास्त. पण परक्या पाण्याचा वास आला की तो तोंड बुडवून मागे घेतो आणि तासन्‌तास तहानलेला राहतो. उपाय निघायच्या 5-6 दिवस आधी सुरू होतो. पाण्यात थोडी काकवी किंवा सफरचंदाचा रस घाला, रोज तेवढाच. मग वाटेतल्या पाण्यात तेच घातलं की चव ओळखीची वाटते. बादली त्याची स्वतःचीच द्या. दर 3-4 तासांनी गाडी थांबवून, सावलीत, 20-30 मिनिटं पाणी समोर धरायचं. चालत्या गाडीत क्वचितच कोणी पितं. क्षार घातलेल्या पाण्याशेजारी साधं पाणी हवंच. जो पीतच नाही त्याच्या तोंडात क्षारांची पेस्ट कोंबली तर शरीरातलं उरलंसुरलं पाणी आतड्याकडे ओढलं जातं. लीद बघत राहा : गोळे बारीक, कोरडे आणि वर चकाकता चिकट पापुद्रा असेल तर पाणी कमी पडतंय.

आणि हो, ‘पोट साफ राहावं म्हणून पिचकारीनं तेल पाजतो’ असं तुम्ही लिहिलंय. ते आजपासून बंद करा. पॅराफिनच्या तेलाला चव नाही, त्यामुळे घोडा ते नीट गिळत नाही आणि ते सरळ फुप्फुसात उतरू शकतं. तेल द्यायचंच तर पशुवैद्यानं नाकातून नळी घालून.

गुंगीच्या औषधाबद्दल माझं मत कडक आहे. हलत्या गाडीत घोडा प्रत्येक वळणाला चारही पायांनी तोल सावरत असतो, आणि आपण नेमकं तेच कौशल्य काढून घेतो. काही औषधं रक्तदाब पाडतात, काही आतडं सुस्तावतात. एसीप्रोमॅझिनमुळे नर घोड्याचं लिंग बाहेर लोंबून राहू शकतं आणि कधी कधी ते परत आत जात नाही. पशुवैद्यानं ठरवून दिलंच, तर औषध, मात्रा आणि वेळ चालकाच्या हातात लेखी हवी.

पट्ट्यांवर तुमचं अर्धं बरोबर. लाथा मारणारा घोडा, जवळचा पल्ला, पट्ट्यांची सवय, असं असेल तर बांधा. पण बारा तासांत पट्टी घसरते, एका बाजूला आवळते, आतली गादी गोळा होते, आणि स्नायुबंधावर दाब बसतो तो चालकाला बाहेरून कळत नाही. शेपटीची पट्टी तर त्याहून वाईट, आवळली तर शेपटीचा रक्तपुरवठाच तुटतो. झुलीचं म्हणाल तर बंद गाडीत घोडे स्वतःच शेगडीसारखे तापतात. घाम आला की झूल ओली, मग गारठा.

राहिला ‘हे वाहतूकदाराचं काम’ हा मुद्दा. चालक ब्रेक हळू दाबू शकतो, थांबे घेऊ शकतो, झरोके उघडे ठेवू शकतो. न चढणाऱ्या घोड्याला तो रस्त्यावर शिकवू शकत नाही. तीन आठवडे कुठून आले? घोड्यांच्या फ्लूची लस निघण्याआधी किमान 2 आठवडे झालेली असावी. नालबंदी 7-10 दिवस आधी, कारण आदल्या दिवशी चुकीचा खिळा बसला तर घोडा लंगडत चढेल. आरोग्य दाखला आणि रक्ततपासण्या दोन्ही ठिकाणच्या नियमांप्रमाणे. आणि मग चढ-उताराचा सराव : फळीवर दोन पाय, मागे, आत जाऊन घास, मागे, मागचा अडसर (घोड्यामागची आडवी दांडी) लावून पाच मिनिटं, इंजिन चालू करून, शेवटी 20 मिनिटांची फेरी. क्रम कधीही बदलू नका. चढवताना आधी अडसर, मग दोर. उतरवताना आधी दोर सोडा, मगच अडसर. उलटं झालं की बांधलेला घोडा मागे सरकतो, दोराला हिसका बसतो, तो आणखी मागे झटतो.

वाहतूकदाराला विचारायचं ते : चालक किती, थांबे कुठे, मुक्काम कुठल्या ठाणात, शेजारी कोण घोडा आणि त्याची लस झाली का, विमा गाडीचा की आतल्या जनावराचाही. मालक फोनवर सापडला नाही तर उपचाराची लेखी परवानगीही त्याच्याकडे द्या.

उतरल्यावर 15-20 मिनिटं हातात धरून चालवा, पाणी द्या, गवत जमिनीवर टाका. चंदी दुसऱ्या दिवशी, तीही थोडी. 12 तासांवरचा प्रवास असेल तर 2-3 दिवस काम नाही. निघण्याआधी तीन दिवस विश्रांतीतलं तापमान लिहून ठेवा. मोठ्या घोड्याचं ते साधारण 37.2 ते 38.3 सेल्सिअस असतं. पोचल्यावर पाच दिवस सकाळ-संध्याकाळ मोजा. 38.5 च्या वर गेलं तर त्याच दिवशी पशुवैद्य, आणि त्यांनी तपासण्याआधी घरातलं उरलेलं प्रतिजैविक टोचू नका.

तुमच्या पुढच्या फेरीतले ते पाच दिवसांचे तापमानाचे आकडे इथे टाका. आखूड दोरानं नेलेल्याचे आणि सैल दोरानं नेलेल्याचे, दोन्ही असले तर फारच छान.