मामा, कंस!

एका लॅपटॉपवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम नांदवणाऱ्या माणसाला लोक हुशार समजतात. खरं तर त्याला धड एक निवडता आलेली नसते, एवढंच. मला विंडोज सोडवेना आणि लिनक्सचा मोह आवरेना, म्हणून सहा वर्षांपूर्वी मी हार्ड डिस्कची वाटणी केली. तेव्हापासून आमच्या लॅपटॉपात रीतसर भाऊबंदकी आहे. किती वाजले यावरसुद्धा दोघांचं एकमत नाही. मदरबोर्डवरच्या घड्याळात स्थानिक वेळ आहे असं विंडोज धरून चालतं आणि लिनक्स त्यात जागतिक प्रमाणवेळ लिहून ठेवतं. त्यामुळे ग्रिनिचच्या पूर्वेला राहणारा माणूस लिनक्समधून विंडोजमध्ये गेला की काही तास मागे जातो. मला सवय झाली होती.

परवा विंडोजचा सी ड्राइव्ह भरला. त्याची पट्टी लाल झाली. जागा कुठे मिळते का, म्हणून मी डिस्क मॅनेजमेंट उघडलं, तर तिथे ८ जीबीची एक पार्टिशन, म्हणजे वाटणीतला एक कप्पा, दिसली. नाव नाही, ड्राइव्हचं अक्षर नाही, आणि पुढे लिहिलेलं : १०० टक्के रिकामी. सहा वर्षं आपल्या डिस्कवर एक रिकामी खोली पडून आहे आणि आपण फोटो पुसत बसलोय, या विचाराने मला भरून आलं. मी डिलीट म्हटलं. त्यावर इशारा आला की ही पार्टिशन विंडोजने तयार केलेली नाही, तिच्यात दुसऱ्या सिस्टिमचा डेटा असू शकतो, तरी उडवायची का? इतकं स्पष्ट मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी ‘हो’ म्हटलं.

बरं, जागा तरी मिळावी? तीही नाही. मोकळे झालेले ८ जीबी एक्स्टेंडेड पार्टिशनच्या, म्हणजे पोटात आणखी कप्पे असलेल्या मोठ्या कप्प्याच्या, कुंपणाआड होते, सी ड्राइव्ह बाहेर. वाढवण्याचं बटण करडंच राहिलं. म्हटलं, रीस्टार्ट करून बघू.

काळा पडदा. त्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘एरर : नो सच पार्टिशन’, आणि खाली ‘ग्रब रेस्क्यू’ असं लिहून एक लुकलुकणारी रेघ. रेस्क्यू हा शब्द वाचून जरा धीर आला. मदत येतेय असं वाटलं. मी ‘हेल्प’ टाइप केलं. उत्तर आलं : अननोन कमांड. ‘एग्झिट’ टाइप केलं. अननोन कमांड. इथे सुटका म्हणजे तुमची तुम्हीच करून घ्यायची असते, हे कळायला दहा मिनिटं गेली. शेवटी भाच्याला फोन लावला.

‘मामा, काही उडवलंस का?’

‘छे!’

‘नक्की?’

‘एक रिकामी होती.’

पलीकडे मोठा श्वास ऐकू आला. डॉक्टरला आपण ‘तेलकट काही नाही खाल्लं’ असं सांगतो तेव्हा डॉक्टर घेतो तसा.

ती रिकामी पार्टिशन म्हणजे लिनक्सची स्वॅप होती, मेमरी कमी पडली की सामान ठेवायची जागा. तिचा नंबर पाच, आणि लिनक्सचं खुद्द बिऱ्हाड सहा नंबरला. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर एक्स्टेंडेडच्या आतले नंबर पाचपासून सुरू होतात, आणि रांगेतला एक उठला की मागचा पुढे सरकतो. पाच गेला, सहाचा पाच झाला. पण हे दारावर बसलेल्या ग्रबला, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना विंडोज की लिनक्स हे विचारून दार उघडणाऱ्या राखणदाराला, कोण सांगणार? डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटांचा. त्यातले ६४ वाटणीच्या नोंदीला, २ शेवटच्या शिक्क्याला, म्हणजे राखणदाराला उरले ४४६. देवनागरीची जेमतेम दीडशे चिन्हं मावतात त्यात. बिचाऱ्याचा बाकीचा संसार पुढच्या मोकळ्या सेक्टरांत असतो आणि तिथे पत्ता लिहिलेला : नंबर सहा. तो इमानाने सहाचं दार शोधत होता. आत विंडोज ठणठणीत होतं, लिनक्स ठणठणीत होतं, आणि दोघंही घरात कोंडलेले. या राखणदाराचं पूर्ण नाव ग्रँड युनिफाईड बूटलोडर आहे, हे अशा वेळी आठवू नये.

‘एलएस टाइप कर, काय काय आहे ते दिसेल,’ भाचा म्हणाला. एलएसने पार्टिशन दाखवल्या. ‘आता एलएस, स्पेस, कंस.’

‘काय म्हणालास?’

‘कंस, मामा!’

‘अरे, चुकून उडवली ती. म्हणून एकदम कंसमामा?’

‘गोल कंस! ब्रॅकेट! एचडी शून्य, स्वल्पविराम, एमएसडॉस एक, कंस पुरा, तिरपी रेघ.’

एक नंबरला अननोन फाइलसिस्टिम. दोनला तेच. पाचला एंटर मारला आणि फोल्डरांची नावं धडाधड आली. त्यात पहिलंच होतं ‘लॉस्ट फाउंड’, मधे अधिकचं चिन्ह. हरवले अधिक सापडले. मी खुर्चीत उठून उभा राहिलो.

मग ग्रबला त्याच्या संसाराचा नवा पत्ता सांगायचा : सेट प्रीफिक्स, बरोबरचं चिन्ह, पुन्हा कंस, पाच, स्लॅश बूट स्लॅश ग्रब. इथे टॅब दाबून नाव पुरं होत नाही, वरचा बाण दाबून मागची ओळ परत येत नाही. एक अक्षर चुकलं की सगळं पुन्हा, आणि मी ‘प्रीफिक्स’चं स्पेलिंग तीनदा चुकलो. मग सेट रूट. मग इन्समॉड नॉर्मल. त्यावर काहीच झालं नाही.

‘काहीच झालं नाही रे!’

‘मग बरोबर झालंय. आता नुसतं नॉर्मल टाइप कर.’

आणि मेन्यू आला! लिनक्स निवडलं. अर्ध्यात पुन्हा थांबलं. लाल चांदण्या डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे येरझारा घालू लागल्या आणि शेजारी दीड मिनिटाची मुदत लिहिलेली. लिनक्स स्वॅपची वाट बघत होतं. मीच उडवलेल्या पार्टिशनची पूर्ण ९० सेकंद वाट बघताना नजर कुठे ठेवायची हा प्रश्न पडतो. मी छताकडे बघितलं.

पुढचं भाच्याने भराभर सांगितलं : ग्रब-इन्स्टॉल चालवून राखणदाराला नवा पत्ता लिहून दिला, आणि एफएसटॅब या, सुरू होताना कुठल्या पार्टिशन जोडायच्या त्याची यादी असलेल्या फाइलमधल्या स्वॅपच्या ओळीपुढे हॅशचं चिन्ह टाकून वाट बघणं थांबवलं. तो म्हणाला, आता झोप. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला.

पण विंडोज सुरू होतंय का, हे न बघता झोप कशी येणार? सुरू झालं. सी ड्राइव्ह लालच. शेजारी ८ जीबी हिरव्या चौकटीत मोकळे, ना याच्या कामाचे ना त्याच्या. तरी आनंद इतका झाला की मी लगेच भाच्याला फोन केला. बऱ्याच वेळाने उचलला.

‘मामा, किती वाजलेत बघितलंस का?’

‘बघितलं की. संध्याकाळचे...’

आणि मग मी खिडकीबाहेर बघितलं.