भोरड्या, करडई आणि कुकरच्या शिट्ट्या

मला फक्त एक कार्डिनल पक्षी बघायचा होता. लालभडक, डोक्यावर तुरा, न्यू जर्सीच्या बर्फात बसला की कॅलेंडरवरचा फोटोच. म्हणून मागच्या हिवाळ्यात बॅकयार्डमध्ये फीडर लावला, सूर्यफुलाच्या बिया भरल्या, कॉफी घेऊन खिडकीत बसलो. दोन दिवस चिकडी नावाचे छोटे पक्षी आले, एकदा कार्डिनलपण आला, आणि तिसऱ्या दिवशी आले स्टारलिंग. एक नाही, दोन नाही, चाळीसेक. लग्नाच्या पंगतीत आधीच्या लोकांच्या मागे उभे राहून "आटपा आता" करणारे असतात ना, तसे. वीस मिनिटांत फीडर रिकामा, कार्डिनल पसार.

हे स्टारलिंग मूळचे इथले नाहीतच. 1890 मध्ये एका हौशी माणसाने युरोपातून साठेक पक्षी आणून न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सोडले, पुढच्या वर्षी अजून चाळीस. आता अख्ख्या खंडात आहेत, कोट्यवधी. (आणि मी इथे व्हिसाच्या कागदांना स्टेपल मारत बसलोय, असो.)

मग चिमण्या-सुतारपक्ष्यांसाठी म्हणून स्यूट आणलं. स्यूट म्हणजे जनावराच्या चरबीची वडी, वरून शेंगदाणे लावलेली. आमचं घर शाकाहारी, त्यामुळे बायकोची अट अशी की ते गॅरेजमध्ये राहणार, ग्लव्ह्ज घालूनच हात लावायचा आणि त्या हातांनी दाराची कडीसुद्धा उघडायची नाही. मार्चमध्ये आई आली सोलापूरहून, सहा महिन्यांसाठी. दुसऱ्याच दिवशी गॅरेजमधून पाकीट हातात घेऊन आली, "अरे ही शेंगदाण्याची वडी बाहेर का टाकलीस, खवट होईल ना." मी ते पाकीट ज्या वेगाने तिच्या हातातून घेतलं तेवढ्या वेगाने मी आयुष्यात काहीच केलेलं नाही.

दुकानातल्या माणसाने सांगितलं, करडई घाला, कार्डिनलला आवडते आणि स्टारलिंग सहसा तोंड लावत नाहीत. करडई! जी आमच्याकडे ज्वारीच्या कडेने लावतात, काटेरी असते म्हणून गुरं शेतात शिरत नाहीत, ती मी डॉलर मोजून पिशवीभर घरी आणली. आईने पिशवीत हात घालून चार दाणे चावून बघितले आणि किंमत विचारली. मी निम्मी सांगितली. तरी ती पाच मिनिटं गप्प होती.

स्टारलिंग बघितल्यावर मात्र ती पेटली. "अरे, या तर भोरड्या! रंग उडालेल्या." चूक नव्हती तिची, भोरडी, साळुंकी, स्टारलिंग सगळं एकच खानदान. लहानपणी ती शेतात माळ्यावर बसून गोफणीने भोरड्या हाकलायची, थंडीत ज्वारीवर थवेच्या थवे उतरायचे. मग काय, सकाळी सहाला डेकवर उभी राहून स्टीलचं ताट बडवत "हाऽऽ हाऽऽ" सुरू. तिसऱ्या दिवशी शेजारचे आजोबा पायजम्यात धावत आले, त्यांना वाटलं आग लागली. मी म्हटलं, इट्स अ ट्रॅडिशन. दुसरं काय सांगणार?

स्टारलिंगनी ताटाचा मान ठेवला, फीडर सोडला. आणि स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टचं बाहेरचं झाकण तुटलेलं होतं, त्यातून आत शिरून घरटं केलं. मी शिडी काढली. इथे या पक्ष्याला कायद्याचं संरक्षण नाही, काढलं तरी चालतं. पण तोवर आतून चिवचिव यायला लागली होती आणि आई शिडीखाली उभी. कालपर्यंत ताट बडवणारी बाई म्हणते, "बाळंतिणीला घराबाहेर काढतोस होय रे?"

झालं. पिल्लं उडून जायला साधारण तीन आठवडे लागतात, तोपर्यंत एक्झॉस्ट लावायचा नाही. आता बिनाएक्झॉस्टच्या अमेरिकन घरात मिरचीची फोडणी घालून बघा. रोज संध्याकाळी स्मोक अलार्म, रोज मी खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालतोय, बायको खिडक्या उघडत खोकतेय आणि आई शांतपणे, "हिंग कमी पडला वाटतं."

मागच्या रविवारी दोघी देवळात गेल्या होत्या. जाताना सांगून गेल्या, कुकर लावलाय, चार शिट्ट्या झाल्या की बंद कर. मी मन लावून मोजल्या. चौथीला गॅस बंद, कुकर उतरवून ओट्यावर ठेवला. त्या आल्या, वाफ गेली, झाकण काढलं, तर डाळ कडक आणि भात कचाकचा.

"किती शिट्ट्या केल्यास?"

"चार! मोजल्यात मी."

बायकोने माझ्याकडे एक नजर टाकली, त्या नजरेत गेल्या अकरा वर्षांचा हिशोब होता. आणि तेवढ्यात, कुकर ओट्यावर उघडा पडलेला असताना, पाचवी शिट्टी झाली. तिघंही खिडकीशी गेलो. एक्झॉस्टच्या नळीच्या वर गटरवर नर स्टारलिंग बसलेला, गळ्याची पिसं फुगवून. आमच्याकडे बघत त्याने सहावी दिली, शेवटच्या फुसऽऽ सकट.